बर्गेबाईंचा प्रश्न

कुणालाही भेटल्यावर राजेश्वरीताई आधी त्याचे हात बघायच्या, मग चेहरा.

चालू मशिनजवळून जाताना पदर कमरेला खोचायच्या. पिठाच्या गिरणीत. रसवंतीपाशीसुद्धा.

लग्नाच्या मांडवात शिरल्या की वीज कुठून घेतली आहे ते शोधायच्या आणि त्या वायरीपासून लांबची खुर्ची धरायच्या.

'किरकोळ लागलं' असं कुणी म्हणालं की त्याला तिथंच थांबवायच्या. कुठं लागलं, कशानं लागलं, कोणतं बोट, ते बोट आता वाकतं का, हे सगळं सांगायला लावायच्या.

कोर्टासमोरचा चहावाला त्यांना बघून म्हणायचा, "आल्या बाई. आता माझ्या गॅसच्या नळीचा पंचनामा." त्या हसायच्या नाहीत. नळी बघायच्या.

वडीलधाऱ्या माणसाला रस्त्यात, एसटीत, त्याच्या घरी 'आबा' म्हणायच्या. कोर्टात कधीच नाही.

आणि कुणी आभार मानू लागलं की त्या चालू लागायच्या. दावा जिंकलेली बाई पाया पडायला वाकली तर मागे सरायच्या. एकदा एका म्हाताऱ्याने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, तेव्हा मी शेजारी होते. त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

मागच्या महिन्यात ताई गेल्या. मिरजेच्या एका हॉस्पिटलात. पन्नाशीच्या आतबाहेर होत्या. मला अजून त्यांच्याबद्दल 'होत्या' म्हणताना अडखळायला होतं.

ॲडव्होकेट राजेश्वरी बर्गे. कामावर मेलेल्या आणि कामावर जायबंदी झालेल्या माणसांचे नुकसानभरपाईचे दावे त्या चालवायच्या. सांगली आणि सातारा, दोन्हीकडे. ऑफिस सांगलीत गावभागात. वरच्या खोलीत मी भाड्याने राहते. मराठी घेऊन एम.ए. झाले म्हटल्यावर त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला एक युक्तिवाद वाचायला दिला होता. यातलं एकही वाक्य रडणारं नको, म्हणाल्या, रडणारं दिसलं की खोडून टाक. तिथून आमची मैत्री झाली. आमच्या वयात वीस-बावीस वर्षांचं अंतर असेल. ते त्यांना जाणवायचं नाही. मला जाणवायचं.

त्यांच्या म्हातारा-भिंत प्रकरणाबद्दल मी एकदा विचारलं. दुपार होती. वीज गेली होती, पंखा बंद होता, पक्षकार कुणी नव्हतं. तेव्हा त्यांनी सांगितलं. एकदाच. पुन्हा तो विषय काढला नाही.

ताई मूळच्या कोरेगावच्या. वडील सैन्यात हवालदार. निवृत्त झाल्यावर घरच्या थोड्या शेतीत रमले. माणूस कडक, पण मुलीला शिकवायचं म्हणजे शिकवायचं. साताऱ्यात कायदा शिकल्या, सनद मिळाली, काम मिळेना. साताऱ्यातले सिनियर त्यांना तारीख मागून घ्यायला कोर्टात उभं करायचे. त्यापलीकडे काही द्यायचे नाहीत. मग सांगलीतल्या एका वकिलांकडे जागा मिळाली. ते विमा कंपन्यांच्या पॅनेलवर होते. कामगाराच्या घरच्यांनी दावा लावला की तो पाडायचा, हे त्या ऑफिसचं काम.

तिथं त्या शिकल्या. हात मनगटातून गेला तर किती टक्के, कोपरातून गेला तर किती, एका डोळ्याचे किती. मिरजेच्या कोणत्या डॉक्टरच्या दाखल्याला कुठं धरायचं. पण त्या म्हणाल्या, टक्के वगैरे नंतरचं. माणूस मेला यावर कधी वाद नसायचा. तो कुणाकडे कामाला होता, वाद यावर असायचा. कामाला नव्हताच म्हटलं की दावा संपला.

एकदा तासगावकडचा एक म्हातारा साक्षीला उभा होता. मुलगा उसाच्या ट्रॉलीखाली गेला होता. ताई उलटतपासणीला उठल्या. समोर धोतर, पटका, ताठ मान. त्यांना वाटलं, आपले वडील उभे आहेत. आणि या माणसाला भरल्या कोर्टात 'तुझा मुलगा मजूर होता का' असं विचारायचं. त्यांना ते जड गेलं. म्हणून त्यांनी वेगळं विचारलं.

"आबा, मुलगा पैऱ्यानं गेला होता ना?"

आमच्याकडे पैरा म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे. आज मी तुझ्या रानात राबायला येतो, उद्या तू माझ्या रानात ये. मजुरी नाही. मालक नाही, गडी नाही. बरोबरीच्या घरांमधली देवघेव. आता पैरा नावालाच उरला आहे. जमिनीचे तुकडे झाले, पोरं दुसऱ्याकडे रोजगाराला जातात, बाजारच्या दिवशी पैसे घेतात. पण घरचे गावात सांगताना सांगतात, पैऱ्यानं गेलाय.

तो म्हातारा तो शब्द ऐकून सैल झाला. दोन तास घामेजला होता. आता त्याला कुणीतरी सावलीला बोलावलं होतं. व्हय तर, म्हणाला. आमच्या घरातलं पोर रोजगारानं कशाला जाईल.

मजुरी नाही म्हणजे मालक नाही. मालक नाही म्हणजे दावा नाही. न्यायाधीशांनी ते वाक्य लिहून घ्यायला सांगितलं. सिनियरांनी बाहेर आल्यावर ताईंची पाठ थोपटली.

"पहिल्यांदा तो सभ्यपणा होता," ताई मला म्हणाल्या. "दुसऱ्यांदा नव्हता."

त्यानंतर कित्येक वर्षं त्यांनी तो प्रश्न वापरला. तोच शब्द, तोच आवाज, आधी 'आबा'. तो फक्त आमच्या भागातच चालायचा. बाहेरून आलेला मजूर सरळ सांगायचा, रोज इतका मिळायचा. पण पाच-दहा गुंठे का होईना ऊस असलेला, घरात एखादा फौजी असलेला माणूस त्या प्रश्नावर हमखास पडायचा. पडताना त्याला बरं वाटायचं. पॅनेलवरच्या बाकीच्या वकिलांनी तो उचलला. सांगली-साताऱ्याच्या कोर्टांत त्याला नाव पडलं. बर्गेबाईंचा प्रश्न.

मग एकदा खानापूरकडचा एक म्हातारा ऑफिसात आला. दावा फेटाळून काही दिवस झाले होते. ताईंना वाटलं, भांडायला आला. त्याने पिशवीतून गुळाची ढेप काढून टेबलावर ठेवली. म्हणाला, पोरी, भरल्या कोर्टात माझं नाक राखलंस. दाव्याचं काय झालं ते कळलं का, असं ताईंनी विचारलं. कळलं, म्हणाला. कायदाच तसा आसंल. आणि त्यांच्या डोक्यावर हात ठेवून गेला.

त्या महिन्यात ताईंनी पॅनेल सोडलं. सिनियर हसले. गूळ खाऊन कुणी नोकरी सोडतं का, म्हणाले. ताई दुसऱ्या बाजूला गेल्या आणि मेलेल्यांच्या घरच्यांचे दावे घेऊ लागल्या.

प्रश्न मात्र त्यांच्याबरोबर गेला नाही. तो पॅनेलवरच राहिला. दुसऱ्याच दाव्यात तो त्यांच्या साक्षीदाराला विचारला गेला. विचारणारी त्यांचीच जुनी ज्युनियर होती, अंकिता. आवाज कुठं खाली आणायचा हे तिला ताईंनीच शिकवलं होतं.

या सगळ्यानंतर रेश्मा आली.

रेश्मा कडेगाव तालुक्यातली. सव्वीस-सत्तावीसची, पदरात लहान मुलगी. तिचा नवरा साईराज गुऱ्हाळावर घाण्यात ऊस घालायला होता. मोटारीवरून घाण्याकडे जाणारा पट्टा उघडा होता. दोन हंगामांपूर्वी त्याच्या गळ्यातला टॉवेल त्या पट्ट्यात गेला. पुढचं रेश्माने सांगितलं नाही. ताईंनी विचारलं नाही. त्यांच्याकडे शवविच्छेदनाचा अहवाल होता.

गुऱ्हाळ वीरधवलचं. तो भावकीतलाच, साईराजच्या वडिलांना काका म्हणणारा. त्याने मजुरांचा विमा उतरवलेला होता. अडचण पैशाची नव्हती. अडचण साईराजचे वडील होते.

हंबीरराव. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. अपघाताच्या दिवशी पोलीस पंचनाम्याला आले, तेव्हा गाव गोळा झालं होतं. जमादाराने विचारलं, पोरगा इथं काय करत होता. हंबीररावांनी सगळ्यांसमोर सांगितलं, पैऱ्यानं आला हुता. पोराचं प्रेत कढईजवळ पोत्याखाली होतं.

जबाब तसा लिहिला गेला.

"धा तोंडांनी इचारलं तरी मी सांगते, रोजगारानं हुता," रेश्मा ताईंना म्हणाली. "पण माझं कोण ऐकतंय? पैसं मामांच्या हातात यायचं. वीरधवल बाजारच्या दिवशी यायचा आन मामांच्या हातावर ठेवायचा. घरातलं कर्तं माणूस म्हणून. मला बी दिसायचं न्हाईत."

म्हणजे मजुरी मिळत होती हे कोर्टात सांगू शकणारी माणसं दोनच. एक वीरधवल, तो उघड्या पट्ट्याचं अंगावर येईल म्हणून विमा कंपनीच्या बाजूने. दुसरे हंबीरराव. गूळ काढणारा गुळव्या आणि बाकीची माणसं हंगाम संपल्यावर आपापल्या मुलखात गेली होती आणि या भानगडीत परत येणार नव्हती. हंबीररावांनी कोर्टात खरं सांगितलं तर दावा उभा राहणार होता. पैरा म्हणाले तर रेश्मा आणि तिची मुलगी, दोघींच्या नावावर काही राहत नव्हतं.

ताईंनी दावा घेतला. मला म्हणाल्या, चल, जागा बघून येऊ.

डिसेंबर होता. कडेगावच्या एसटीने गेलो. रस्त्याला दोन्हीकडे ऊस. काही फड तुटलेले, काही उभे. फाट्यावर रेश्मा आली होती. गुऱ्हाळ लांबून कळलं, धुरावरून. मग मोटारीचा आवाज. आत शिरताना ताईंनी पदर खोचला. मलाही ओढणी काढून पिशवीत ठेवायला लावली.

घाण्यापाशी एक म्हातारा ऊस घालत होता. अंगात हिरवा फौजी स्वेटर. कोपरावर ठिगळ. मोळी उचलायचा, टोकं जुळवायचा, घाण्याच्या तोंडाला लावायचा, हात मागे घ्यायचा. पट्टा त्याच्या खांद्यापासून हातभर अंतरावर पळत होता. उघडा.

"मामा हायती," रेश्मा म्हणाली.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या हंबीररावांच्या स्वेटरच्या बाहीकडे बघत होत्या. बाहीचा एक धागा सुटला होता.

मोटार बंद झाली तेव्हा हंबीरराव बाहेर आले. ताईंना वाकून नमस्कार केला. ताई हवालदाराची मुलगी, हे त्यांना रेश्माने सांगितलं होतं. कोणत्या रेजिमेंटला होते, कुठं कुठं पोस्टिंग झालं, ते विचारत राहिले. रस मागवला. ताईंनी मध्येच विचारलं.

"आबा, तुम्ही इथं काय करताय?"

"पैरा फेडतोय," हंबीरराव म्हणाले. "साईराजनं आमचा ऊस गाळाय वीरधवलची माणसं घेतली हुती. ते फेडायचं राहिलं. पोरगा मेला म्हणून पैरा बुडवायचा का?"

ते शांतपणे म्हणाले. रोजची गोष्ट सांगावी तसं.

परत येताना रेश्माने फाट्यावर सांगितलं, आमचा ऊस कारखान्याला जातो. या गुऱ्हाळावर आमचं एक कांडं कधी आलेलं नाही. वीरधवल आता मामांच्याच कामाचे पैसे मामांच्या हातावर ठेवतो. बाजारच्या दिवशीच. आणि मामा घरात सांगतात, पैरा. कुणी काही बोललं तर ताटावरून उठतात.

"आता त्येंचं त्येंनाच खरं वाटाय लागलंय," रेश्मा म्हणाली. "मी टॉवेल लपवून ठेवते. त्ये मफलर घालत्यात."

वीरधवलशी ताई निघायच्या आधी बोलल्या होत्या. पट्ट्यावर जाळी का नाही बसवली, एवढंच विचारलं. तो तिशीतला, नम्र माणूस. बोलताना नजर खाली.

"बसवणार हुतो, बाई. आणून ठेवली हाय." त्याने भिंतीकडे हात केला. तिथं लोखंडी जाळी टेकवून ठेवलेली होती, गंज धरलेली. "वकील म्हणाले, आता बसवली तर आधी न्हवती असं सिद्ध होतं. केस संपेपर्यंत कायबी बदलू नका."

एसटीत ताई बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, हा सल्लाही मीच द्यायचे. पॅनेलवर असताना. किती जणांना दिला ते आता आठवत नाही.

त्यांचा उजवा हात मांडीवर पालथा पडला होता. डाव्या हाताने त्या त्याची बोटं एक एक करून दाबत होत्या. काय झालं, मी विचारलं. मुंग्या येतात, म्हणाल्या. थंडीमुळे.

थंडीमुळे नव्हतं. जानेवारीत शब्द जायला लागले. कढईला परात म्हणाल्या. रेश्माला तिच्या मुलीच्या नावाने हाक मारली. ज्या बाईने माझ्या एका विशेषणासाठी मला तासभर उभं केलं होतं, ती बोलता बोलता थांबायची आणि हवेत बोट फिरवायची, शब्द तिथं कुठं लोंबकळत असल्यासारखं. मिरजेला दाखवू या, मी म्हटलं. त्यांचे तिथले सगळे डॉक्टर ओळखीचे. स्वतःच्या पक्षकारांना तर त्या रेटून पाठवायच्या.

"हंबीररावांची साक्ष होऊ दे," म्हणाल्या. "ॲडमिट करून घेतलं तर तारीख पुढे जाईल. तारीख पुढे गेली तर जाळी बसणार नाही आणि तो माणूस तेवढे दिवस त्या उघड्या पट्ट्यापाशी उभा राहील."

मी वाद घातला नाही. त्यांच्याशी वाद घालून कुणी जिंकत नसे.

त्यानंतर त्या दर रविवारी कडेगावला जाऊ लागल्या. मी बरोबर जायचे. हंबीररावांच्या अंगणात बसायचो. गुऱ्हाळाचा आवाज तिथवर यायचा. ताई सांगायच्या, हंबीरराव ऐकून घ्यायचे आणि नाही म्हणायचे. प्रत्येक वेळी अदबीने. एकदा मात्र आवाज चढला.

"तुमी मला कोर्टात उभं करून माझ्या पोराला गडी म्हणाय लावताय. वीरधवलच्या दारातला गडी. त्याचा आजा माझ्या आज्याकडं पाणी भराय हुता."

रेश्मा चुलीपाशी होती. ती तिथूनच म्हणाली, "मग तुमी आता त्येच्याकडं काय भरताय, मामा?"

हंबीरराव उठून गेले नाहीत. खाली बघत बसले. त्यांच्या हाताच्या पंजावर उसाच्या पात्याने चिरलेल्या रेषा होत्या, बारीक, नव्या. ताई त्याच बघत होत्या.

मग ताईंनी त्यांना सगळं सांगितलं. तासगावचा म्हातारा, खानापूरचा म्हातारा, गुळाची ढेप. पैऱ्याचा प्रश्न कुणी काढला आणि कशासाठी काढला. किती घरं त्यावर बुडाली. मला सांगितलं होतं त्यापेक्षा जास्त सांगितलं. मध्ये दोनदा शब्द सापडला नाही. हंबीररावांनी घाई केली नाही. वाट बघितली.

शेवटी ते म्हणाले, "सही कुठं करायची?"

शपथपत्र झालं. त्यात साईराज मजुरीवर होता, मजुरी माझ्या हातात मिळत होती, असं हंबीररावांनी लिहून दिलं. आता उलटतपासणी उरली होती. ताईंनी त्यांची तयारी करून घेतली. समोर अंकिता असेल. पोलिसांतला जबाब दाखवेल. मग आवाज खाली आणेल आणि आबा म्हणेल.

"आबा म्हणाली की पायाचा अंगठा जमिनीवर दाबायचा," ताई म्हणाल्या. "मनात म्हणायचं, आता येतंय. मग उत्तर द्यायचं."

"एवढी तयारी तर आमी कारगिलला बी केली न्हवती," हंबीरराव म्हणाले. पहिल्यांदाच हसले. ताईसुद्धा.

मार्चमध्ये तारीख लागली. सांगलीचं कामगार न्यायालय. उन्हाळा लवकर आला होता. हंबीरराव इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले होते. पिंजऱ्यात उभे राहिले, शपथ घेतली. मी मागच्या बाकावर रेश्माच्या शेजारी होते. ताई टेबलाशी. उजवा हात त्यांनी फाइलवर ठेवला होता. तो हलत नव्हता.

अंकिता उठली. पोलिसांतला जबाब दाखवला. ही सही तुमची का? माझी. हंबीरराव नीट बोलत होते. मला त्यांचा उजवा पाय दिसत होता. चप्पल काढलेली, अंगठा फरशीवर.

अंकिताने 'आबा' म्हटलं नाही. तिने विचारलं, सैन्यातून आपण कोणत्या हुद्द्यावर निवृत्त झालात?

"सुभेदार."

"सुभेदारसाहेब," अंकिता म्हणाली, आणि थोडं थांबली.

हंबीरराव ताठ झाले. टाचा जुळल्या. हात शिवणीला लागले. अंगठा फरशीवरून उचलला गेला. ते त्यांनी केलं नाही. ते झालं.

"सुभेदारसाहेबांचा मुलगा भावकीच्या दारात गडी होता, की पैऱ्यानं गेला होता?"

"पैऱ्यानं," हंबीरराव म्हणाले. मोठ्याने, समोर बघत.

रेश्माने माझा हात धरला नाही. ती मांडीवरच्या पिशवीचे बंद घट्ट करत राहिली.

न्यायाधीशांनी वाक्य लिहून घ्यायला सांगितलं. टायपिंगचा आवाज आला. हंबीररावांना तो आवाज ऐकू आला असावा, कारण त्यांनी मान वळवली आणि ताईंकडे पाहिलं. तेव्हा त्यांना कळलं. मी तो चेहरा बघितला आहे. त्याचं वर्णन मला करता येत नाही.

न्यायाधीशांनी विचारलं, फेरतपासणी?

आपल्या साक्षीदाराला उलटतपासणीनंतर त्याचा वकील पुन्हा प्रश्न विचारू शकतो. जे उसवलं ते शिवायची ती एकच संधी. हातचा गेलेला दावा अशा वेळी परत आणलेला मी ताईंना पाहिलं होतं, एकदा साताऱ्यात. एकाच प्रश्नात. फेरतपासणीचे प्रश्न त्या कधी लिहून ठेवत नसत. साक्षीदाराचा चेहरा बघून सुचतात, म्हणायच्या.

ताई उठल्या. टेबलाला धरून. हंबीररावांकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. चेहऱ्यावर काही ठरल्याची खूण होती. ती मी ओळखते.

"हंबीरराव," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी—"

आणि थांबल्या. हवेत बोट फिरवलं. डाव्या हाताचं. कोर्टाला वाटलं, आठवतायत. मलाही क्षणभर तसंच वाटलं. मग तोंडाची एक बाजू खाली आली. त्यांनी पुन्हा बोलायचा प्रयत्न केला, पण जे बाहेर आलं तो शब्द नव्हता. फाइल पडली. अंकिता सगळ्यांच्या आधी पोहोचली. तिने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि ताई, ताई म्हणत राहिली.

मिरजेला नेलं. मेंदूतली शीर. डॉक्टर म्हणाले, आधी छोटे झटके येऊन गेले असतील, लक्षणं असतील. होती, मी म्हटलं.

ताई पुढचे काही दिवस होत्या. डोळे उघडे असायचे. माणसं कळत होती. उजवी बाजू गेली होती आणि बोलणं गेलं होतं. हात आणि वाचा मिळून किती टक्के, ते त्यांना पाठ होतं. ते त्यांच्या मनात आलं असेल का, असं मला एकदा वाटलं. मग मी ते वाटणं थांबवलं.

हंबीरराव रोज येत होते. पहिल्या गाडीने यायचे, व्हरांड्यात बाकावर ताठ बसायचे. रेश्मा त्यांच्याशी बोलत नव्हती. डबा मात्र त्यांचाही आणायची. तिसऱ्या का चौथ्या दिवशी नर्सने त्यांना आत सोडलं. मी आतच होते. ते पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले. टोपी काढली.

"बाई," म्हणाले, "इचारा."

ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. ओठ हलले. हंबीरराव वाकले, आणखी वाकले, कान त्यांच्या तोंडाशी नेला. तसेच राहिले. नर्सने शेवटी त्यांच्या खांद्याला हात लावला.

त्या आठवड्यात ताई गेल्या.

कोरेगावला क्रियाकर्म झालं. त्यानंतर कोर्टाने पुढची तारीख दिली. वकील नसल्यामुळे साक्ष तशीच ठेवली. रेश्मा दुसरा वकील शोधते आहे. दोघांनी फाइल बघून परत केली. उलटतपासणीत साक्षीदार फुटला, आता त्यात काय राहिलं, म्हणाले. एक जण बघतो म्हणाला आहे.

तारीख सांगायला मी काल गुऱ्हाळावर गेले. हंगाम सरत आला आहे, पण घाणा चालू आहे. जाळी भिंतीलाच टेकलेली होती. वीरधवल मला बघून आत गेला. हंबीरराव घाण्यापाशी होते. स्वेटर नव्हता. सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, गळा उघडा. त्यांनी मोटार बंद करायला सांगितलं नाही. त्या आवाजातच मी तारीख सांगितली. त्यांनी मान हलवली.

मग मोळी खाली ठेवून माझ्या जवळ आले.

"त्या दिवशी काय?" त्यांनी विचारलं. "कंच्या दिवशी? साईराज गेला त्या दिवशी? बाजारच्या दिवशी? का तो भरतीला गेला आन छातीत नापास हून आला, त्या दिवशी?"

मला माहीत नाही, मी म्हटलं.

"तुमास्नी कायतरी बोलल्या आसतील."

नाही बोलल्या, मी म्हटलं.

"इचारलं आसतं तर मी सांगितलं आसतं," हंबीरराव म्हणाले. "आता कोण इचारणार?"

आतून कुणीतरी ऊस म्हणून हाक मारली. ते वळले. मोळी उचलली, टोकं जुळवली आणि पट्ट्याच्या बाजूला जाऊन उभे राहिले.

फेरतपासणी व्हायची आहे.